खळ्यातला मोत्या

दोन पावसाळ्यांपूर्वी वहाळाकाठी कुणीतरी टाकलेलं पिल्लू आमच्या गटातल्या एका ताईंनी पदराखाली घरी आणलं. सासूबाई रागावल्या, "आणखी एक तोंड कशाला?" आज तोच मोत्या पोरांशी खेळतो आणि कलमांवर वानर उतरले की त्यांना गडग्यापार पिटाळतो. पहिली भाकरी त्याला सासूबाईच घालतात.

गेल्या शिमग्यात खेळताना त्याचा दात नातीच्या हाताला लागला. ताई जखमेत हळद भरायला निघाल्या. सुनेने थांबवलं. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुतली आणि लगेच सरकारी दवाखाना गाठला. मोत्याला लस दिलेली होती, तरीही! कारण रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य.

१९२५ साली अलास्कातल्या नोम गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे दीडशे कुत्र्यांनी बर्फातून आळीपाळीने गाड्या ओढून औषध पोचवलं. आपल्या मोत्यांना आपण लस तरी देऊया. पहिली तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तशी, दरवर्षी. पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीमागे लशीची तारीख लिहूया.