नरक्या : विष, औषध आणि आपले उत्तरदायित्व



श्रावणातल्या सोमवारी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक बाजारात बेलाच्या पानांशेजारी धोतऱ्याची फुले आणि काटेरी फळे विक्रीस असतात. ती शंकराला वाहिली जातात. घरात कोणी ती खात नाही. हलाहल कंठात धारण करणाऱ्या देवाला विषारी वनस्पती अर्पण करण्याच्या या प्रथेत एक जाणीव दडलेली आहे. सृष्टीतले विष नाकारायचे नसते. त्याचे स्थान आणि त्याची मर्यादा ओळखायची असते.

धोतऱ्यातील हे विष म्हणजे अल्कलॉइडे. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारे, नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू चवीचे रसायन. झाडाला पळता येत नाही. कीटक आणि जनावरे यांच्यापासून बचाव करण्यासाठी ते अशी रसायने तयार करते. मनुष्याच्या शरीरात मज्जातंतू एकमेकांना ज्या रासायनिक दूतांमार्फत निरोप देतात, त्या दूतांच्या जागा यांपैकी काही अल्कलॉइडे अडवतात, तर काही त्या दूतांचे सोंग घेतात. धोतऱ्यातील अॅट्रोपिन आणि हायोसिन पोटात गेले की घसा कोरडा पडतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नाडी धावू लागते, भ्रम होतो. मात्रा वाढली तर मृत्यूही ओढवतो. परंतु तेच अॅट्रोपिन मोजून टोचले, तर कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याचे प्राण वाचवते. पदार्थ एकच; भेद ज्ञानाचा आणि मात्रेचा.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. नीट योजलेले विषही औषध ठरते आणि अज्ञानाने दिलेले औषधही विष ठरते, हे तत्त्व चरकसंहितेने स्पष्टपणे मांडले आहे. बचनागासारखे उग्र विष गोमूत्रात किंवा दुधात शोधन केल्याखेरीज वापरू नये, असा वैद्यांचा दंडक आहे. उकळण्याच्या क्रियेत त्यातील अॅकोनिटिनचे विघटन होऊन कमी विषारी द्रव्ये बनतात, हे आधुनिक रसायनशास्त्रानेही दाखवून दिले आहे.

मात्र परंपरेचे नाव घेतल्याने काम संपत नाही. सर्पगंधेचे उदाहरण पाहावे. ही मुळी वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. १९३१मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिची काटेकोर परीक्षा केली आणि १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५७मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या बाझेल येथील शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे काढले होते. मुळी भारताची, अनुभव भारताचा, रुग्णपरीक्षा मुंबईची. पण शुद्ध द्रव्य हाती आले ते परदेशात.

पुढे याच सिबा कंपनीने मुंबईच्या उपनगरात, गोरेगावला, आपले संशोधन केंद्र उभारले. त्याची धुरा डॉ. टी. आर. गोविंदाचारी या अल्कलॉइडांच्या रसायनशास्त्रातील थोर भारतीय शास्त्रज्ञाकडे होती. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी १९७२मध्ये एका दुर्लक्षित भारतीय झाडाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. ते झाड सह्याद्रीत वाढते. फुलांना दुर्गंधी येते म्हणून लोकांनी त्याला नाव दिले नरक्या. या नरक्यात त्यांना कॅम्प्टोथेसिन सापडले.

कॅम्प्टोथेसिनचा मूळ शोध १९६६चा. एका चिनी वृक्षातून ते अमेरिकेत वेगळे काढले गेले आणि ते काढणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी एक होते डॉ. मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठाचे. त्यांचे सहकारी डॉ. मनरो वॉल. याच जोडीने १९७१मध्ये टॅक्सॉल या दुसऱ्या कर्करोगविरोधी द्रव्याची रचना जगापुढे ठेवली. चिनी वृक्षात कॅम्प्टोथेसिन अत्यल्प मिळते. आपल्या नरक्यात त्याच्या कितीतरी पट अधिक. ज्या झाडाला नरकाचे नाव दिले, त्याच्या पोटात असाध्य रोगावरचे औषध होते.

हे औषध काम कसे करते? पेशीचे विभाजन होताना डीएनएची पिळलेली दोरी उलगडावी लागते. त्यासाठी एक विकर दोरीचा एक पदर क्षणभर कापते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमक्या या क्षणी पाचरीसारखे अडकते. कापलेला पदर जोडला जात नाही आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात, म्हणून त्यांना फटका अधिक. पण अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर येथील निरोगी पेशीही वेगाने वाढतात, त्यांनाही झळ लागते. १९७०च्या दशकात सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांच्या मूत्राशयाला गंभीर इजा झाली आणि त्या थांबवाव्या लागल्या. १९८५मध्ये त्याची कार्यपद्धती उलगडली. रेणूत योग्य बदल करून तयार झालेल्या टोपोटेकन आणि इरिनोटेकन या औषधांना अमेरिकेत १९९६मध्ये मान्यता मिळाली. शोधापासून औषधापर्यंत ३० वर्षे लागली. ‘वनस्पतीजन्य आहे, म्हणजे निर्धोक आहे’ असे सहजपणे म्हणणाऱ्यांनी ही ३० वर्षे ध्यानात ठेवावीत.

या यशाची किंमत मात्र सह्याद्रीने मोजली. मागणी वाढताच सिंधुदुर्ग, कोल्हापूर या पट्ट्यांतून नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. मुळांत द्रव्य अधिक, म्हणून झाडे मुळासकट उपटली गेली. बुंधा राखला तर नरक्याला पुन्हा धुमारे फुटतात. मुळे उपटली की सारेच संपते. तोडणाऱ्या गरीब माणसाच्या हाती पडते ती केवळ मजुरी. नफा दूरच्या व्यापाऱ्याचा. हळदीवरचे अमेरिकन पेटंट १९९७मध्ये लढून रद्द करून घेता आले. उपटलेले जंगल कोणत्याही न्यायालयातून परत आणता येत नाही.

उपाय आहेत. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००५मध्ये नरक्याच्या आत राहणारी, कॅम्प्टोथेसिन तयार करणारी बुरशी शोधली. ही दिशा पुढे नेली पाहिजे. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या समित्यांना लोकजैवविविधता नोंदवही करण्याचा अधिकार दिला आहे. कोकणात आणि घाटावर मूळ गाव असलेल्या उपनगरवासीयांनी सुट्टीत गावी गेल्यावर ती नोंदवही झाली आहे का, नरक्याची रोपे लावता येतील का, हे विचारावे.

आणि घराजवळही काम आहे. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात कळलावी फुलते. तिच्यातील कोल्चिसिन मोजक्या मात्रेत वातरक्तावरचे औषध. तिचा कंद चुकून खाल्ला तर प्राणघातक. मुलांना ही फुले दाखवावीत, नावे शिकवावीत आणि तोंडात घालू नयेत हेही बजावावे. ऐकीव माहितीवर घरी काढे करू नयेत. वैद्य असो वा डॉक्टर, शिकलेल्याचाच सल्ला घ्यावा, आणि विषबाधेची शंका येताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

स्वदेशीचा खरा अर्थ केवळ वस्तू विकत घेण्यापुरता नाही. आपल्या भूमीत काय उगवते ते जाणणे, ते प्रयोगाच्या कसोटीवर घासणे आणि पुढच्या पिढीसाठी राखणे, ही तिन्ही कर्तव्ये त्यात येतात. वकील, गोविंदाचारी आणि वाणी यांनी पहिली दोन पार पाडली. तिसरे आपल्याकडे आले आहे.