कोयता कुठे सापडतो?



समाजशास्त्राच्या अधिवेशनात अध्यक्षाने शास्त्राच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी ग्रंथालयातल्या कपाटांवर आणि संगणकावरच्या शोधावर बोलणार आहे. इतकी वर्षं शिकवल्यावर माझी खात्री झाली आहे की आपल्या विद्यार्थ्याचं घोडं सिद्धांतापाशी अडत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी अडतं, 'सर, या विषयावर काहीच मिळत नाही' या वाक्यापाशी.

हे वाक्य मला एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने ऐकवलं होतं. मुलगी बीड जिल्ह्यातली, आईवडील ऊसतोडीला जाणारे, आणि प्रबंधिकेचा विषयही तोच. गूगल स्कॉलरवर तिने 'ऊसतोड कामगार' एवढंच टाकलं होतं. मी विचारलं, "घरी काय म्हणता?" ती म्हणाली, "कोयता. आई-बाबांचा मिळून एक कोयता." कोयता, मुकादम, उचल, टोळी हे शब्द तिला समज आल्यापासून ठाऊक. पण शोधायला हेच शब्द लागतात, हे तिला आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. कोयता रोमन लिपीत कसा लिहितात, उचलीला इंग्रजी अहवालांत काय म्हणतात, ऊस तोडणाऱ्याला किती नावं आहेत, हे सगळं लिहून काढलं. हंगामी स्थलांतर आणि साखर कारखाना यांचे इंग्रजी शब्द जोडीने टाकले, तेव्हा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तला यान ब्रेमन यांचा १९७८चा लेख समोर आला. लेख गुजरातेतल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवरचा, पण तिथे ऊस तोडायला गेलेली माणसं आपल्या खानदेशातली. दुसऱ्या दिवशी ती त्या लेखातल्या संदर्भांवर खुणा करून आली. पुढचा रस्ता तिचा तिने काढला.

ग्रंथालयात मात्र ती समाजशास्त्राच्या कपाटापुढेच उभी असायची. ड्यूई दशांश पद्धतीत आपला विषय एका कपाटात मावत नाही. जात आणि वर्ग ३०५मध्ये, विवाह आणि कुटुंब ३०६.८मध्ये, गाव ३०७मध्ये. कामगार ३३१मध्ये, म्हणजे अर्थशास्त्राच्या शेजारी. चालीरीती तर थेट ३९०मध्ये. ऊसतोडीवरचं पुस्तक बहुधा ३३१मध्ये असतं आणि तिथे आपली मुलं फिरकत नाहीत. ग्रंथपालाला विचारावं तर संकोच. पहिल्या सत्रातला एक तास वर्गाऐवजी कपाटांमध्ये घ्यावा, असं मी अभ्यास मंडळात तीनदा सुचवलं. तिन्ही वेळा एकमताने मान्य झालं, आणि वेळापत्रकात एकदाही आलं नाही.

आता 'शोधगंगे'विषयी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने उभा केलेला हा प्रबंधांचा साठा सर्वांना फुकट खुला आहे. प्रबंध तिथे प्रकरणवार सुट्या फायलींत असतो. विद्यार्थी पहिलं प्रकरण उघडतो, कंटाळतो आणि निघून जातो. मी सांगतो, आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. प्रबंध सुमार असला तरी सूची कामाची निघू शकते. (सूचीही सुमार असेल, तर मार्गदर्शकाचं नाव पाहून ठेवा.)

तिथल्या मराठी प्रबंधांची एक अडचण आपणच करून ठेवली आहे. जुने अनेक प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. पडद्यावर 'कुणबी' दिसतं, पण यंत्राला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटते, म्हणून शोधात ते येत नाहीत. स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांचंही बऱ्याचदा तेच. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५चा. बलुतेदारीवर काम करणाऱ्याला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. पण तो यंत्राने आपणहून पुढे करावा, ही आशा सोडा. नाव माहीत असेल तरच सापडेल. तीच गत कॅम्पबेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरची. तिथे पुणे शोधू नका, 'पूना' शोधा. जातींची स्पेलिंगंही त्या काळची लागतात.

आकडेवारीत शिरताना व्याख्या वाचून शिरावं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीत, २००७-०८ साली, अल्पकालीन स्थलांतर मोजलं गेलं. त्यात धरलेली माणसं वर्षभरात एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांहून कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेली. ज्या टोळीचा हंगाम लांबला, ती या व्याख्येतून निसटली. हे आमच्या त्या विद्यार्थिनीने पकडलं, मी नाही.

शोधून सापडलेला लेख वाचायलाही मिळायला हवा. त्यासाठी संशोधन नियतकालिकं खुली करणारी केंद्राची 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना २०२५पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि जवळजवळ तेरा हजार नियतकालिकं. काम मोठं आहे, यात वाद नाही. पण ती सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे, आणि आपल्या राज्यातली बहुसंख्य महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांची. तालुक्याच्या गावातल्या मुलीला ज्ञानासाठी एसटीचं तिकीट काढून विद्यापीठ गाठावं लागावं, हे मला मान्य नाही. ही योजना खासगी महाविद्यालयांनाही खुली करावी, असा ठराव या अधिवेशनाने करावा.

विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादीही यूजीसीने २०२५मध्ये बंद केली. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं ओळखणं आता आपल्याच गळ्यात आहे. भरीस भर म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी यंत्रं खोटे संदर्भ रचूनही देतात. माझा नियम साधा आहे: विद्यार्थ्याला जो संदर्भ माझ्यापुढे उघडून दाखवता येत नाही, तो मी खोडतो.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, तेव्हा संगणक नव्हता. आपल्या प्रत्येक विभागात तो आहे. तेव्हा एकच मागणं. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येक विभागाने आपल्या जिल्ह्यातला एक विषय घ्यावा आणि त्याची शब्दयादी करून आणावी: लोक काय म्हणतात, सरकार काय म्हणतं, इंग्रजीत काय म्हणतात, जुन्या कागदांत काय म्हटलं आहे आणि कोणत्या कपाटात सापडतं. कोयत्याची यादी त्या विद्यार्थिनीने केली आहे. दोन पानांची आहे. नोंदणीच्या टेबलावर प्रती ठेवल्या आहेत, जाताना घेऊन जा.