तोट्याचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



शेअर बाजारात पैसा कसा मिळवावा हे सांगणारे आपणांस पुष्कळ भेटतील. मला आज तोट्याविषयी बोलावयाचे आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. या बाजारात मात्र ज्याला ठेच लागते तोच पुन्हा त्या दगडाकडे जातो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये. याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. सलग दोन वर्षे तोटा सोसूनही पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी व्यवहार चालूच ठेवले. २०२३-२४ मध्ये यांतले ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते, म्हणून मी समोर बसलेल्या तरुणांकडे पाहून बोलत आहे.

साध्या शेअरांतही हेच घडते. येस बँकेचे उदाहरण घ्या. (बँकेचे शेअर घ्यावेत की नाहीत हा प्रश्न ज्याने त्याने जाणकारांना विचारावा, मी येथे फक्त हिशेब पाहतो.) ऑगस्ट २०१८ मध्ये हा शेअर ४०० रुपयांवर गेला होता. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने तिच्या प्रमुखांची मुदत जानेवारी २०१९ पर्यंतच ठेवली आणि भाव एका दिवसात २३० च्या आसपास आला. एप्रिल २०१९ मध्ये बँकेने प्रथमच तिमाही तोटा जाहीर केला. भाव १७० वर आला. समजा, एका पगारदार गृहस्थाने ४०० ला शंभर शेअर घेतले. २३० ला त्याला वाटले, स्वस्त झाला. आणखी शंभर घेतले. १७० ला पुन्हा शंभर. ऐंशी हजार गुंतले, आणि सरासरी २६७ वर आली म्हणून गृहस्थ समाधानी! २०१९ संपताना भाव पन्नासच्याही खाली होता. पन्नासच धरला तरी हातात पंधरा हजार उरले. पहिल्या बातमीलाच विकले असते तर तोटा सतरा हजारांचा होता. तो पासष्ट हजारांवर गेला. ५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले, आणि पुढे पुनर्रचनेच्या योजनेत शंभर वा अधिक शेअर असणाऱ्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षे विकता येणार नाहीत असे ठरले.

हा गृहस्थ अडाणी नव्हता. विकणे म्हणजे आपण चुकलो हे कबूल करणे, आणि ते घरात, मित्रांत, स्वतःशीही जड जाते. शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्येच हे मांडले होते की माणूस नफ्याचा शेअर घाईने विकतो आणि तोट्याचा उराशी धरून बसतो. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये एका अमेरिकी दलालाकडील दहा हजार खाती तपासली. लोकांनी विकून टाकलेले नफ्याचे शेअर, राखून ठेवलेल्या तोट्याच्या शेअरांपेक्षा पुढील वर्षभरात सरासरीने सरस ठरले होते.

मग भाव पडला की विकावे काय? तसेही नाही. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळून २६,००० च्या खाली बंद झाला. त्या आठवड्यात भीतीने चांगल्या कंपन्यांचे शेअर विकणारे पुष्कळ होते. वर्षअखेर तोच निर्देशांक ४७,००० च्या वर होता. एके ठिकाणी धरून ठेवणे महागात पडले, दुसऱ्या ठिकाणी सोडणे. भाव दोन्हीकडे पडलेलाच होता, तेव्हा नुसत्या भावाकडे पाहून निर्णय होत नाही.

म्हणून मी दुकानदाराची जुनी वही सुचवतो. शेअर घेण्यापूर्वी दोन ओळी लिहा: हा का घेत आहे, आणि काय घडले तर माझे हे कारण खोटे ठरेल. तारीख घाला. ‘मेहुण्याने सांगितले’ हे कारण असेल तर तेच प्रामाणिकपणे लिहा. लिहिताना हात थांबेल. भाव पडला की आधी वही उघडा, मोबाईल नंतर. कारण शाबूत असेल तर स्वस्थ बसा. कारण मेले असेल तर आपण कोणत्या भावाला घेतला होता हे विसरून जा. बाजाराला ते ठाऊक नसते. ४०० चा शेअर ५० वर आला की मुद्दल परत यायला तो आठपट व्हावा लागतो.

‘विकला नाही म्हणजे तोटा झालाच नाही’ असे ऐकू येते. आयकर खात्याचा हिशेब येथे उपयोगी पडतो. शेअर विकून तोटा पदरात घेतला आणि विवरणपत्र मुदतीत भरले, तर तो आठ वर्षे पुढे नेऊन पुढील भांडवली नफ्यातून वजा करता येतो. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. कपाटात जपून ठेवलेल्या तोट्याला ही सवलत नाही.