दिसणारे हात, ऐकू येणारे सूर



चित्रपटातला वादक खरोखर वाजवतो का, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात गोविंदराव टेंबे स्वतःच गायले. त्या काळी गाणे चित्रणासोबतच मुद्रित होई आणि साथीदार कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून वाजवीत. पुढे पार्श्वगायन आले. सूर आधी आणि चित्रण नंतर, अशी रीत पडली. 1947 मध्ये लाल किल्ल्यावर ज्यांची सनई निनादली, त्या उस्ताद बिस्मिल्ला खाँचेच सूर ‘गूँज उठी शहनाई’त (1959) आहेत, पडद्यावर मात्र राजेंद्रकुमार दिसतात. ‘कोहिनूर’मधली (1960) सतार उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँची, तरीही बोटे सुरांशी जुळावीत म्हणून दिलीपकुमार सतार शिकले.

ही फसवणूक नव्हे. दुसऱ्याच्या कलेचा तो आदर आहे. मात्र ज्याचे हात दिसत नाहीत, त्याचे नाव श्रेयनामावलीत शोधण्याची सवय मुलांना लागायला हवी. तिचा आरंभ शाळेतच व्हावा. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत नायक-नायिकेइतक्याच ठळक अक्षरांत, पडद्याआड पेटी-तबला वाजवणाऱ्या मुलांचीही नावे छापली जावीत.