साकवापलीकडची शाळा



बाहेर रस्त्याचे डांबर अजून निवलेले नाही, आणि आम्ही मात्र आपणापुढे पावसाची गोष्ट काढणार आहोत. ऐन वैशाखात हा विषय कशाला, असे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर आम्ही शेवटी देऊ. तोवर एवढेच सांगतो की, या विषयावर बोलण्याचा खरा महिना हाच आहे.

दुसरी शंका आमच्याविषयीच येईल. आमचा जन्म कामगारांच्या सभांत गेला. पगार, बोनस, रजा, बडतर्फी या गोष्टींवर कोणी मध्यरात्री उठवले तरी आम्ही बोलू. पण खेड्यातली शाळा आणि पावसाळा यांच्याशी आमचा काय संबंध? शाळेत तर आम्ही सातवी पुरी होईपर्यंतही टिकलो नाही. पण का टिकलो नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. आणि त्या ठाऊकपणातूनच आजचा विषय निघाला आहे.

गिरणीत मस्टर असते, शाळेत हजेरीपत्रक असते. दोन्हींची जात एक. माणूस आला, एवढे ते लिहिते. आला नाही, एवढेही लिहिते. का आला नाही, हे लिहायला त्यात रकानाच नसतो. युनियनच्या कामात आमची निम्मी हयात तो न लिहिलेला रकाना साहेबापुढे तोंडी भरण्यात गेली. आज तेच काम आम्ही एका शाळेच्या वतीने करणार आहोत.

ही शाळा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका वाडीवर आहे. गावाचे नाव घेत नाही, कारण तशा शाळा कोकणात पुष्कळ आहेत आणि आम्हाला एकीचीच कैफियत मांडायची नाही. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले, दोन खोल्या, पुढे पडवी. दोन शिक्षक आणि इयत्ता मात्र पाच. एका बाजूला भाताचे मळे, पाठीमागे चढ, चढावर सडा, आणि पुढच्या अंगाला व्हाळ. उन्हाळ्यात त्या व्हाळात पाय भिजण्याइतकेही पाणी नसते. पण ज्या मुलखात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तिथे व्हाळाचे उन्हाळ्यातले रूप पाहून काही ठरवू नये.

जूनच्या मध्याला शाळा उघडते. मृग लागून आठवडा झालेला असतो. मुले येतात ती चपला हातात घेऊन. चिखलात चपला पायांत राहत नाहीत. पूर्वी डोक्यावर इरले असे, आता प्लॅस्टिकची खोळ असते किंवा काड्या मोडलेली छत्री. पडवीत छत्र्यांची रांग लागते आणि त्यांतून गळणाऱ्या पाण्याचा एक ओहोळ थेट पहिलीच्या वर्गात शिरतो. कपडे अंगावरच वाळतात. पावसाची सर जोरात आली की गुरुजी फळ्यावर लिहून शिकवतात, कारण बोललेले ऐकू जात नाही. कौलांखाली तरी निभावते. ज्या शाळांवर पत्रा आहे तिथे सर ओसरेपर्यंत गुरुजींनी आणि मुलांनी एकमेकांची तोंडे पाहत बसावे, हाच अभ्यासक्रम.

अकराच्या सुमारास खिचडीचा वास येतो आणि वर्गातले लक्ष खिडकीकडे जाते. शाळेत अन्न देण्याची राष्ट्रीय योजना १९९५ साली सुरू झाली. ते शिजवूनच दिले पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. वाडीतल्या एक काकी ते शिजवतात. पावसात ओले सरपण, डोळ्यांत धूर, आणि वेळ चुकवायची नाही. अशा कामाला केंद्राने २००९ साली महिना १००० रुपये मानधन ठरवले, तेही वर्षातून दहा महिन्यांचे. राज्यांनी पुढे आपापली भर घातली, हे खरे. पण मानधन हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. ज्या कामाला मजुरी द्यायची नसते, त्याला मानाचे नाव देतात, असा आमचा अनुभव आहे.

असो. आता या शाळेच्या भोवतालच्या निसर्गाकडे वळू. शहरातला माणूस पावसाळ्यात कोकणात जातो, हिरवळ पाहतो, धबधब्याखाली उभा राहतो आणि परत येतो. त्यात वाईट काही नाही. पण त्या वाडीवरचे नऊ वर्षांचे पोर याच निसर्गात काय पाहते, ते आम्ही तिथे बसून ऐकले आहे. मेअखेर काजवे झाडावर लखलखू लागले की पाऊस जवळ आला, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पहिल्या पावसाचे पाणी मळ्यात तुंबले की व्हाळातले मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ते अंडी घालायला वर येतात आणि माणसे त्यांना तिथेच गाठतात. एका पोराने आम्हाला विचारले, "सगळे धरले तर पुढल्या वर्षी चढतील कोण?" हा प्रश्न विधिमंडळात कोणी विचारला असता तर आपण त्याला द्रष्टा म्हटले असते.

जुलैत लावणी. पेरलेला तरवा साधारण तीन आठवड्यांचा झाला की उपटायचा, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या वाफ्यात लावायचा. पाऊस थांबला तर चिखल आवळतो, तरवा जून झाला तर फुटवे कमी येतात. म्हणून जे करायचे ते त्या थोड्या दिवसांतच. पुढे श्रावण-भाद्रपदात सड्यावर फुले येतात. त्यांत निळी-जांभळी सीतेची आसवे असतात. दिसायला ती अगदी नाजूक, पण त्यांच्या मुळाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातले बारीक जीव ओढले जाऊन पचतात. कातळावरची माती बोट-दोन बोटे जाडीची, तीत नत्र फार थोडे. तेव्हा वनस्पतीने पोटाची दुसरी सोय केली. जिथे जमीन पोसत नाही, तिथून आमच्या कोकणी माणसाने मुंबईची वाट धरली. त्या फुलाने तेही न करता तिथेच भागवले.

या साऱ्यात भीतीही आहे. फुरसे दगडाच्या फटीत असते, म्हणून चपला ठेवण्याच्या जागी आधी काठी फिरवायची. मळ्याच्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो, म्हणून पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचे नाही. मुले हे जाणतात. तिसरीपासून त्यांना परिसर अभ्यास नावाचा विषय आहे. परिसर खिडकीबाहेर उभा असतो आणि अभ्यास पुस्तकात होतो, एवढीच काय ती अडचण.

एका चांगल्या गुरुजींनी ती अडचण दूर केलेली आम्ही पाहिली. त्यांनी सरळ बाजूंचा एक डबा अंगणात ठेवला आणि मुलांकडून रोज सकाळी पट्टीने पाऊस मोजून घेतला. मग गणित घातले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? एक लिटर. आपल्या शाळेच्या छपराने झाकलेली जागा ६० चौरस मीटर. काल १०० मिलिमीटर पाऊस झाला. तर पागोळ्यांतून पाणी गेले किती? सहा हजार लिटर. आणि वर्षाचे ३००० मिलिमीटर धरले तर? एक लाख ऐंशी हजार लिटर. मुले गप्प झाली. कारण एप्रिलमध्ये त्याच शाळेत पिण्याचे पाणी ती घरून बाटलीत आणतात. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही एका डब्यात मावले.

आता त्या व्हाळाकडे येऊ. शाळेत येणाऱ्या मुलांतली निम्मी व्हाळापलीकडून येतात. मध्ये साकव आहे. हा शब्द आपल्यापैकी काहींना अपरिचित असेल. माडाचे किंवा पोफळीचे दोन-तीन ओंडके आडवे टाकायचे, धरायला बांबूचा कठडा बांधायचा, झाला साकव. वाडीची माणसे श्रमदानाने तो बांधतात. पुढे काही ठिकाणी लोखंडी साकव आले, काही ठिकाणी काँक्रीटचे आले. पुष्कळ ठिकाणी यायचे आहेत. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून काल सहज ओलांडलेला व्हाळ आज तेवढाच खोल दिसला तरी तो तोच व्हाळ नसतो. पलीकडून एखादे पोर हाक देते, "गुरुजी, व्हाळाक पाणी इला!" आणि गुरुजी अलीकडून हात करतात, की परत जा. त्या दिवशी हजेरीपत्रकात त्या पोराच्या नावापुढे काय पडते? गैरहजर.

आमच्या नावापुढेही एकदा असेच पडू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे वडील गिरणीत होते. त्यांची मनीऑर्डर बंद झाली. जूनपर्यंत घरात गडी लावायला पैसा उरला नाही. जुलैत लावणीला माणूस कमी पडले, तेव्हा धाकट्या भावाला सांभाळणे, बांधावर पेज पोचवणे आणि तरव्याच्या मुठी वाहणे आमच्याकडे आले. लावणी संपली तेव्हा व्हाळ भरला होता. व्हाळ उतरला तेव्हा परीक्षा झाली होती. मग शाळेत परत जायची लाज वाटली. कोणी आम्हाला शाळेतून काढले नाही, आम्ही शाळा सोडली असेही नाही. त्या वर्षीचा पावसाळा आमच्या आणि शाळेच्या मध्ये वाहत राहिला. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रद्दीतून वेचून. त्याचा आम्हाला अभिमान वाटत नाही. ते शाळेत वाचायला मिळाले असते तर बरे झाले असते.

आपण म्हणाल, हे १९८२ चे झाले. आता कायदा आहे. आहे खरा. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत, उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत, असे त्याच्या नियमांत अंतर ठरले. पण किलोमीटर मोजायचा कोणत्या महिन्यात? मे महिन्यात ते अंतर चालत पंधरा मिनिटांचे. जुलैत, साकव वाहून गेला तर मुख्य पुलावरून वळसा घालून दीड तासाचे. फूटपट्टी तीच, किलोमीटर तोच. मूल मात्र पोचत नाही. गंमत अशी की कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचले होते. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत म्हटले आहे की, जिथे वाट अवघड आहे, पुराचा किंवा दरड कोसळण्याचा धोका आहे, तिथे हे अंतर कमी धरून शाळा अशी ठेवावी की मुलाला त्या धोक्यातून जावे लागू नये. आणि शाळेचे वार्षिक वेळापत्रक ठरवण्याचे काम कायद्याने स्थानिक प्राधिकरणाकडे दिले आहे. म्हणजे लावणीचे पंधरा दिवस आणि पुराचे दिवस ध्यानात घेऊन सुट्ट्या मागेपुढे करण्याला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती सवयीची.

आणि याच वेळी दुसरी एक गोष्ट घडते आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात, असा विचार शासनाने २०२३ साली मांडला. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते आम्ही दडपणार नाही. सहा मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही, पाच इयत्तांना दोन शिक्षक पुरत नाहीत, प्रयोगाचे सामान येत नाही. मोठ्या शाळेत हे सारे मिळू शकते. मुले गाडीने नेऊ, असेही सांगतात. आमचे म्हणणे एवढेच की, हा निर्णय नकाशावर करू नये आणि उन्हाळ्यातही करू नये. जो अधिकारी शाळा बंद करण्याच्या कागदावर सही करील, त्याने आधी जुलैच्या एका सकाळी, सर चालू असताना, वाडीतल्या शेवटच्या घरापासून नव्या शाळेपर्यंत सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून चालावे. पोचला, तर खुशाल सही करावी. गिरणीत नवे यंत्र आले की आम्ही मालकाला हेच सांगत असू, की एक पाळी स्वतः त्याच्यावर उभे राहा, मग कामाचा बोजा ठरवू.

आता सुरुवातीला राहिलेले उत्तर. साकव बांधायचा तो पावसाआधी. कौले चाळायची ती पावसाआधी. पागोळ्यांना पन्हळ लावून टाकीत पाणी घ्यायचे, तर पन्हळही पावसाआधीच लागते. जूनमध्ये आलेली मंजुरी त्या वर्षी कोणाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून हा विषय वैशाखाचा. आपल्यापैकी कित्येकांचे गाव कोकणात असेल, घाटावर असेल, विदर्भात असेल. या सुट्टीत आपण गावी जाल. आंबे खा, देवळात जाऊन या. पण एक फेरी शाळेपर्यंत मारा, मुले येतात त्या वाटेने. मध्ये ओढा असेल तर त्यावर काय आहे ते पाहा. गुरुजींना विचारा की, मागल्या जुलैत किती मुले किती दिवस येऊ शकली नाहीत आणि का. उत्तर मिळेल ते एका कागदावर लिहा आणि ग्रामपंचायतीत द्या. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेला शब्द, हे आम्ही तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

हजेरीपत्रकात नसलेला तो रकाना अशानेच भरेल.