खांबावरचा दिवा आणि नौकेवरची बॅटरी



हौशी नौकेवर बॅटरीचा चार्जर कोणता घ्यावा व तो कसा बसवावा, हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना वाटेल कीं आपणांस याचें काय? नौका बाळगणारे आपणांत कितीसे असणार! परंतु ज्यांच्या घरीं इन्व्हर्टर आहे त्यांनीं रेडिओ बंद करूं नये. शिवाय मी आपणांस प्रथम समुद्राकडे नेणार नसून पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीस नेणार आहें.

१९७५ सालीं लष्करी नोकरींतून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें या अवर्षणग्रस्त गांवांत नालाबांध व पाझर तलाव झाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तितकी परिचित नसलेली गोष्ट अशी कीं याच गांवानें रस्त्यावरील दिव्यांसाठीं खांबाखांबाला स्वतंत्र सौर पॅनेल बसविलें. असा खांब म्हणजे भर समुद्रांतील एक नौकाच होय. बाहेरून येणारी तार नाहीं. दिवसां बॅटरींत जें सांठलें तेंच रात्रीं खर्चावयाचें. ढगाळ दिवस लागोपाठ आले कीं दिवा मंदावतो. तेथें भेटलेल्या एका गृहस्थांस मीं या दिव्यांच्या निगेविषयीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "साहेब, काचेवरची धूळ पुसली की निम्मं काम झालं." उरलेलें निम्में काम बॅटरीच्या पोटांत चालतें, आणि तेथेंच आपण शहरवासी चुकतों.

माझ्या एका मित्राची चूक सांगतों. तींत मीही भागीदार होतों. त्याची लहानशी शिडाची नौका मुंबई बंदरांत असे. जुनी, पाणी घालावयाची बॅटरी काढून त्यानें जेलची बंद बॅटरी घेतली. विक्रेत्यानें सांगितलें, "लावा आणि विसरा." आम्हीं अक्षरशः विसरलों! चार्जरवरील खूण जुन्याच बॅटरीची राहिली. जुन्या प्रकारास मधून मधून साडेपंधरा व्होल्टपर्यंत चढवून उकळी आणणें मानवतें, कारण उडालेलें पाणी पुन्हां भरतां येतें. जेलच्या बॅटरींत तें भरावयाचें कोठून? हंगामभर ती आंतून सुकत गेली. मांडव्याहून परततांना तिन्हीसांजेस वारा पडला. यंत्र सुरू होईना, दिवे गेले, रेडिओ मुका झाला, आणि समोरून एक मालवाहू बार्ज येत होतें. आम्हीं हातांतील विजेरीचा झोत शिडावर धरला, तो बार्जवरील माणसांनीं पाहिला, म्हणून मी आज आपणांशीं बोलत आहें.

या प्रसंगांत दुसरा दोषही उघड झाला. यंत्र सुरू करण्याची बॅटरी आणि दिव्यांची बॅटरी एकच होती. या दोन वेगळ्याच हव्यात. आणि दोहोंना स्वतंत्र वाट देणारा चार्जर असावा, म्हणजे एक रिकामी झाली तरी दुसरी शाबूत राहते.

आतां चार्जर केवढा घ्यावा? राळेगणच्या शेतकऱ्यांनीं गांवांतील पाणी पाहून उसासारखीं फार पाणी पिणारीं पिकें टाळलीं, त्याच हिशेबानें आधीं खर्च मोजावा. दिवे व रेडिओ यांस दीड अँपियर, दहा तास, म्हणजे १५ अँपियर-तास. शीतपेटीस सरासरी २ अँपियर, चोवीस तास, म्हणजे ४८. एकूण ६३. शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक काढूं नये, नाहींतर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून १५० अँपियर-तासांची बॅटरी घ्यावी. तिला तिच्या शक्तीच्या दशांश, म्हणजे १५ अँपियरचा प्रवाह सोसतो. भरण चालू असतां शीतपेटी आपले २ अँपियर खातेच. तेव्हां २० अँपियरचा चार्जर योग्य. काढलेल्याहून थोडें अधिक परत घालावें लागतें, म्हणून ७५ अँपियर-तास धरा. भागाकारानें पांच तास येतात खरे, पण तो भागाकार फसवा आहे.

कारण असें कीं माठ भरतांना तोंडाशीं आल्यावर आपण धार बारीक करतों, तसेंच येथें करावें लागतें. चांगला चार्जर प्रथम पूर्ण प्रवाह देतो, सुमारें १४.४ व्होल्ट झाले कीं तो दाब कायम ठेवून प्रवाह आपोआप ओसरूं देतो. शेवटीं साडेतेराच्या आसपास उतरून केवळ राखण करतो. ही मधली पायरीच वेळ खाते. आठ तास तरी धरावेत. ती गाळली तर पत्र्यांवर गंधकाचा क्षार घट्ट बसतो आणि बॅटरी दिसावयास भरलेली, पण कामास अर्धी राहते. नेमके आंकडे मात्र बॅटरीच्या निर्मात्याच्या पत्रकावरूनच घ्यावेत. जेलला दाब थोडा कमी लागतो, आणि लिथियम बॅटरीस तर तिचीच स्वतंत्र योजना हवी.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. हे दाब २५ अंश उष्णतेस धरलेले असतात. बारा व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीस पुढील प्रत्येक अंशास सुमारें पाव दशांश व्होल्ट कमी करावा लागतो. नगर जिल्ह्यांतील वैशाखांत, किंवा नौकेच्या कोंदट पोटांत, पारा ४० वर गेला तर १४.४ ऐवजीं १४ च पुरे. यासाठीं बॅटरीलाच चिकटविण्याचा उष्णतामापक कांहीं चार्जरांबरोबर येतो. तो घेण्यांत काटकसर करूं नये.

बसवितांना चार्जर कोरड्या व हवेशीर जागीं, बॅटरीजवळ पण तिच्या डोक्यावर नव्हे, असा असावा. भरतांना निघणारा हैड्रोजन वर चढतो आणि एका ठिणगीनें पेट घेतो. तार जाड व आंखूड, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ. धक्क्यावरील वीज घेणाऱ्या नौकेस आणखी एक भय आहे: भूतारेवाटे शेजारच्या नौकांशीं नातें जुळून पाण्यांतील जस्ताचे तुकडे, आणि पुढें पंख्याचा दांडाही, झिजूं लागतो. त्यास आळा घालणारें गॅल्व्हानिक आयसोलेटर नांवाचें साधन मधें बसवितात.

हें सारें क्षुल्लक वाटत असल्यास गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेली ‘म्हादेई’ आठवावी. ऑगस्ट २००९ मध्यें मुंबईहून निघून मे २०१० मध्यें दिलीप दोंदे तींतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. अशा प्रवासांत रात्रीचा दिवा आणि संदेशाचा रेडिओ सांठविलेल्या विजेवरच चालावयाचा. वाटेंत वायरमन कोठला!

माझ्या मित्राच्या नौकेवर आतां दोन बॅटऱ्या आहेत. चार्जरच्या झांकणावर त्यानें तैलरंगानें ‘जेल’ हीं दोन अक्षरें लिहिलीं आहेत, आणि बंदर सोडण्यापूर्वी, चार्जर काढून कांहीं तास झाल्यावर, तो व्होल्ट मोजून वहींत टिपतो. १२.७ च्या आसपास असले तर शीड उभारावयाचें, १२.२ दिसले तर बॅटरी निम्मीच आहे असें समजून त्या दिवशीं आम्हीं धक्क्यावरच चहा घेतों.