थापी हातात येण्याआधी

मी कर्जतचा, गवंडीकाम करतो. आपल्या कर्जत-खालापुरात फार्महाऊसची कामं चालूच असतात, पण नव्या पोराला आधी बिगारीच. माल कालवा, पाटी उचला. थापी नंतर. चालेल, तोवर मिस्त्री ओळंबा कसा धरतो ते बघून ठेवा.

मोबाईलमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून हजेरी लिहा. तारीख, साइट, ठेकेदार. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले, की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना मदत त्या नोंदणीवरच मिळते. आज नेरळ, उद्या खोपोली, वर्षाअखेर कोणाला काय आठवणार? ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडे मागा. तोंड वाकडं करेल, करू दे.